देठ राखून

आमच्या मोठीमायचा आजार सगळ्यात आधी ओळखला तो कासारानं.

अर्धापुरात आमच्या गल्लीत संक्रांतीला आणि पंचमीला येणारा कासार ठरलेला होता. मोठीमाय नवी नवरी होती तेव्हापासून तिच्या हाताचं माप त्याला पाठ होतं, दोन-चार. पुढे ते दोन-सहा झालं, मग दोन-आठ. एका पंचमीला त्यानं साबण लावून, पंजा दाबून दाबून पाहिलं. चार बांगड्या फुटल्यावर हात सोडून दिला आणि म्हणाला, "वैनी, अंग सुटलं की मनगट वाढतंय. तुमचा पंजा वाढायलाय. दाखवा कुणाला तरी."

आम्ही सगळे हसलो. जन्म केळीच्या बागेत गेलेल्या बाईचे हात राकट होणारच की. चप्पल ती मोठ्या काकांची घालू लागली होती, त्याचंही आम्ही हसणंच केलं. नाक रुंद झालं, ओठ जाड झाले, नाकातली फुली मांसात रुतल्यासारखी दिसू लागली. पण रोज समोर असलेल्या माणसाचा चेहरा बदलतोय हे घरातल्यांना कळतच नाही. कळलं ते तिला कडेचं दिसेनासं झालं तेव्हा. उजवीकडून येणारी मोटारसायकल दिसायची नाही, डावीकडून येणारी म्हैसही नाही. आयुष्यभर नाकासमोर चाललेली बाई आता खरोखरच फक्त नाकासमोरचं पाहत होती.

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, हात पाहिले आणि विचारलं, "लग्नातला फोटो आहे का?" मी फोनवर घरून फोटो मागवला. त्यांनी तो फोन मोठीमायच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि एमआरआय लिहून दिला. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. पुण्यातल्या दवाखान्यात पुढची तारीख मिळाली. तिथे सांगितलं की डोकं उघडायची गरज नाही, गाठ नाकातून काढू.

मोठीमायनं तिथंच नकार दिला. "डोस्कं फोडा म्हनलं तर फोडून घेईन. नाक कापून घेऊन गावात कोन्या तोंडानं जाऊ?"

नाक कापत नाहीत, बाहेर एक टाकासुद्धा दिसणार नाही, हे तिला पटवण्यात आमचे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी फोनवर जे वाचत सुटलो, ते वाचन अजून थांबलेलं नाही. हा लेख त्यातूनच आलेला आहे.

आधी ती ग्रंथी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. वाढ, पाळी, दूध, थायरॉइड, शरीरातलं पाणी, सगळ्यांचा कारभार तिच्या हुकमावर चालतो. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव पीयूषिका, म्हणजे अमृताशी नातं सांगणारं. 'पिट्युटरी' हे नाव मात्र लॅटिनमधल्या चिकट कफाच्या शब्दावरून आलंय. गेलन या जुन्या वैद्याचं म्हणणं असं, की मेंदूतला मळ या ग्रंथीतून पाझरून नाकात उतरतो. थोडक्यात, ही शेंबडाची गाळणी. हजारांहून जास्त वर्षं युरोपानं ते खरं मानलं. सतराव्या शतकात जर्मनीतल्या श्नायडरनं दाखवलं की शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो, मेंदूतून काही येत नाही. समज चुकीचा ठरला, नाव तेवढं राहिलं. गंमत अशी की नाक आणि ही ग्रंथी शेजारी आहेत, एवढा भाग गेलनचा बरोबर होता.

किती शेजारी? नाकपुडीतून सरळ मागे गेलात तर साधारण मधल्या बोटाच्या लांबीवर एक पोकळी लागते, स्फेनॉइड सायनस. वाटेत मध्ये पडदा, आणि बाजूच्या भिंतींवरून लोंबणाऱ्या शिंपल्यासारख्या तीन-तीन वळकट्या. आपल्याकडे ज्याला 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात, ते बहुतेक वेळा यांच्यातलंच किंवा वाकड्या पडद्याचं प्रकरण असतं. त्या पोकळीच्या मागच्या भिंतीला एक खोलगा आहे. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो तुर्की घोडेस्वाराच्या खोगिरासारखा वाटला, म्हणून त्याचं नाव सेला टर्सिका. ग्रंथी या खोगिरात बसलेली. दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, आणि डोक्यावर डोळ्यांच्या नसांची फुली. गाठ वर वाढली की ती फुलीच्या मध्यावर दाबते, आणि त्या मध्यातूनच दोन्ही कडांचं चित्र मेंदूकडे जात असतं. म्हैस न दिसण्याचं कारण हे. आणि हात वाढण्याचं कारण, गाठ वाढीचं संप्रेरक ओतत राहते. उंची वाढायचं वय सरलेलं असतं, म्हणून हाडं रुंदीत वाढतात. पॅरिसच्या पिअर मारीनं १८८६ मध्ये या आजाराला अ‍ॅक्रोमेगाली हे नाव दिलं.

नाकातून डोक्यात शिरता येतं हे मात्र डॉक्टरांच्या फार आधी इजिप्तमधल्या प्रेतं जपणाऱ्यांना ठाऊक होतं. ते नाकातून आकडा घालून मेंदू बाहेर काढत, असं हिरोडोटस लिहितो. मेलेल्याच्या बाबतीत हे चालून जातं. जिवंत माणसाच्या बाबतीत खरी अडचण आत गेल्यावर सुरू होते, कारण केलेलं भोक बुजवायचं असतं. आणि या बुजवण्याच्या इतिहासात मला पुणं सापडलं, १७९४ चं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त दोन अक्षरांची, बी. एल. पत्रात एका माणसाची गोष्ट आहे. नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण मजकूर त्याला मराठा शेतकरी म्हणतो. इंग्रजी कानांनी आपल्या नावांचं काय काय केलंय ते आपण जाणतोच. हा कावसजी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. नंतर तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला आणि कंपनीची पेन्शन घेऊ लागला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय जगला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. पत्र त्या कारागिराला वीटकरी म्हणतं, नंतरच्या काही लेखनात तो कुंभार आहे.

असं नाक बसवताना थॉमस क्रुसो आणि आणखी एक अशा मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. पत्रातलं वर्णन इतकं नेमकं आहे की ते वाचून आजही कुणाला कृती समजेल. आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या थोट्यावर बसवून चांगल्या नाकाचा आकार घ्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेनं रेघ मारायची. मेणाचं काम संपलं. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण सगळी नाही. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग ती कातडी खाली आणायची, अर्धा पीळ देऊन, म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहते. थोट्याची जुनी खपली खरवडून ताजी जखम करायची आणि नव्या कातडीच्या कडा तिच्यात बसवायच्या. वर पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा थर चिकटवायचे. पत्रात त्याला 'टेरा जापोनिका' म्हटलंय, जपानची माती. तो आपला पानातला कात. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला डोळ्यांमधली ती पट्टी कापून टाकायची.

भूल नव्हती, ती यायला अजून पन्नासेक वर्षं होती. हे सगळं शुद्धीत.

ती पट्टी सोडून बाकीची कृती एखाद्या हुशार शिंप्यालाही सुचली असती. माझ्या मते खरी अक्कल त्या पट्टीत आहे. कातडी पूर्ण कापून दुसरीकडे लावली तर तिला रक्त कुठून मिळणार? नव्या जागेतल्या शिरा तिच्यात शिरेपर्यंत तिला जुन्या जागेचं रक्त पाजत ठेवावं लागतं. शेतीतल्या माणसाला हे चटकन कळतं. आंब्याचं भेट कलम असंच करतात. कुंडीतलं रोप झाडाजवळ नेऊन फांदीला बांधायचं, फांदी झाडाला जोडलेलीच ठेवायची, आणि सांधा धरला की मगच ती झाडापासून तोडायची. देठ आधी तोडला तर कलम वाळतं.

सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची कृती आहे, ती मूळ धरून ठेवणारीच. ती संहिता त्या कुंभारानं वाचली असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. ही विद्या बापाकडून मुलाकडे, हातातून हातात आलेली. ग्रंथात तिच्यावर शतकानुशतकं धूळ बसली होती, कुंभाराच्या ओसरीवर ती जिवंत होती. हे आपल्या अभिमानाला फारसं सोयीचं नाही. कावसजीचं चित्र जेम्स वेल्सनं काढलं, तोच चित्रकार ज्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली. चित्राची छपाई झाली, ती युरोपभर गेली. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं ते वाचून प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये आणि त्यानंतर अशा दोन लष्करी अधिकाऱ्यांना नाकं बसवली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. चित्रकाराचं नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची आहेत, ज्याचं नाक कापलं गेलं त्याचं आहे. ज्यानं ते बसवलं त्याचं नाव पत्रात नाही.

आता इथून नाकाच्या आत जाऊ. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हरमान श्लोफरनं १९०७ मध्ये पहिल्यांदा नाकाच्या वाटेनं पिट्युटरीची गाठ काढली. कशी? नाक कडेनं कापून, पूर्ण एका बाजूला उलटवून. म्हणजे मोठीमायची भीती अगदीच निराधार नव्हती, ती शंभर वर्षं उशिरा आली एवढंच. तीनच वर्षांत व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्शनं नाकपुडीतूनच, बाहेर व्रण न ठेवता, तिथवर पोचून दाखवलं. तो मेंदूचा सर्जन नव्हता, नाकाचा डॉक्टर होता.

अमेरिकेत हार्वी कुशिंगनं १९०९ मध्ये अ‍ॅक्रोमेगालीच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण साउथ डाकोटातला शेतकरी होता, हे वाचून मी थोडा थांबलो. बैल हाकणारा कावसजी, तो शेतकरी, आमची मोठीमाय. पुढे कुशिंग वरच्या ओठाखालून, नाकाच्या पडद्याच्या कडेनं जाऊ लागला. १९१० ते १९२५ या काळात त्यानं अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या, त्यांतले ५.६ टक्के रुग्ण दगावले. प्रतिजैविकं नसताना हा आकडा थक्क करणारा आहे. तरी त्यानं ही वाट सोडली. कवटी उघडून वरून गेलं की डोळ्यांच्या नसा जास्त नीट मोकळ्या करता येतात असं त्याला वाटू लागलं. कुशिंगनं सोडलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही सोडलं.

सगळ्यांनी नाही. स्कॉटलंडचा नॉर्मन डॉट कुशिंगकडे शिकून गेला होता. एडिंबरोला परतल्यावर तो नाकातूनच जात राहिला, त्यासाठी त्यानं दिवा बसवलेलं उपकरणही बनवलं. १९५६ मध्ये पॅरिसचा जेरार गियो त्याच्याकडे आला, पाहून शिकून गेला. गियोकडून माँट्रियलचा ज्यूल हार्डी शिकला आणि त्यानं मायक्रोस्कोप आणला, म्हणजे निरोगी ग्रंथी वाचवून फक्त गाठ काढणं जमू लागलं. मधली तीस वर्षं ही वाट बहुतांशी एका माणसाच्या हातांवर तगून होती, तेवढीच चिंचोळी पट्टी शिल्लक होती. डॉटनंही सोडलं असतं तर काय, हा विचार मी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून केला, आणि चहा गार झाला.

दुर्बीण नंतरची. तिच्यामागे हॅरॉल्ड हॉपकिन्स हा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आहे. त्यानं आणि पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानीनं १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवलं. पुढे हॉपकिन्सनं दुर्बिणीच्या नळीची रचनाच उलटी केली. आधी लांब हवेच्या पोकळीत छोटी भिंगं असत, त्यानं लांब काचेच्या कांड्यांमध्ये छोट्या हवेच्या फटी ठेवल्या. उजेड कितीतरी पटीनं वाढला. गियोनं १९६३ मध्ये या कामासाठी दुर्बीण वापरून पाहिली होती, पण तेव्हाच्या दुर्बिणीतून नीट दिसेना म्हणून बाजूला ठेवली. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीत जान्कोव्स्कीनं आणि नंतर पिट्सबर्गला जो आणि करौ यांनी सगळी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. मायक्रोस्कोप बाहेर उभा राहून खोलीत डोकावतो, दुर्बीण खोलीत जाऊन कोपऱ्यामागचं पाहते. जाडी चार मिलिमीटर, पेन्सिलीहून बारीक.

वाट मोकळी झाली तसे सर्जन जास्त धीट झाले, जास्त मोठ्या गाठी काढू लागले, आणि भोकंही मोठी होऊ लागली. मेंदूभोवती पाणी असतं. त्याचं आवरण फाटलं आणि नीट बुजलं नाही तर ते पाणी नाकातून ठिबकतं, आणि त्याच वाटेनं नाकातले जंतू वर जातात. मांडीतली चरबी, स्नायूचं पातळ आवरण, वैद्यकीय गोंद, सगळं वापरून झालं. लहान भोकांना ते पुरतं. मोठ्या भोकांवर तो निव्वळ तुटलेला तुकडा असतो, त्याला स्वतःचं रक्त नाही.

मोठीमायची शस्त्रक्रिया चांगली झाली. चौथ्या दिवशी ती दात घासायला पुढे वाकली आणि नाकातून स्वच्छ पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा. "सर्दी झाली," ती म्हणाली, "पन खारट लागायली." मला तोपर्यंत एवढं वाचून झालं होतं की माझ्या पायातलं बळ गेलं. हा धोका आम्हाला आधी सांगितलेला होता, कागदावर सहीसुद्धा माझीच होती. तरीही.

तिला पुन्हा आत न्यायचं ठरलं. सर्जनबाईंनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर सोलून घ्यायचं, पण मागच्या टोकाला, जिथून त्याची रक्तवाहिनी येते, तिथं एक पट्टी जोडलेली ठेवायची. मग ते अस्तर फिरवून भोकावर पसरायचं. काही दिवसांत ते तिथं धरतं. पद्धत अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या आदाद आणि बासागास्तेगी या डॉक्टरांची, पिट्सबर्गच्या सर्जनांसह २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली. पडद्याच्या अस्तरानं गळती बुजवण्याचे प्रयोग म्हाताऱ्या हिर्शनं १९५२ मध्येच छापले होते. पण रक्तवाहिनी राखून एवढं मोठं अस्तर फिरवण्याची ही रीत रूढ झाली आणि मोठ्या शस्त्रक्रियांनंतरच्या गळतीचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं.

मोठीमाय उताणी पडून ऐकत होती. तिला उताणंच ठेवलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे देठ तोडायचा न्हाई."

"हो, बरोबर," बाई म्हणाल्या.

"कलमासारखं."

"कलमासारखंच."

"मग लागतंय. जा घेऊन."

लागलं. पाणी थांबलं. बोळे काढल्यावर शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही, वाकायचं नाही, अशी नियमांची यादी घेऊन आम्ही रात्रीच्या गाडीनं नांदेडला निघालो. नजर बरीच परत आली. हाताची सूज उतरली, हाडं वाढलेली तेवढीच राहिली. ती परत जात नाहीत. दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. नाकाच्या आत खपल्या धरतात म्हणून मिठाच्या पाण्यानं धुणं चालू असतं आणि त्याबद्दल ती रोज कुरकुरते. मधे काही महिने हळदीचा वास येत नव्हता. उकडलेल्या हळदीच्या वासात सगळं अर्धापूर बुडालेलं असताना तिला तो येत नाही, याचं तिला डोळ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. तो आला परत.

कावसजीची गोष्ट मी तिला ओसरीवर सांगितली, तिला बसून पान खायची परवानगी मिळाली तेव्हा. फोनवर त्याचं चित्र दाखवलं. डोक्याला पागोटं, कपाळावरची खूण. तिनं ते दोन बोटांनी मोठं करून नाकाच्या शेंड्यापर्यंत पाहिलं.

"चांगलं बसवलं," म्हणाली. "कोन होता म्हनलास?"

"कुंभार. पुण्याजवळचा."

"नाव?"

"लिहिलं नाही."

"आन् ह्याचं लिहिलं, ज्याचं कापलं त्याचं?"

"हो."

ती काही वेळ बोलली नाही. मग पानाचा डबा ओढला, कात बोटानं उकरून जिभेला लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो न्हाई चालायचा. ह्याच्यात भेसळ हाय."